बद्द वाजणारं छत

मी स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी कुणावर ओरडलो तर तुम्हाला नवल वाटायला नको. ऐंशी सालाच्या आगेमागे पाच-सहा वर्षं मी तुमसरच्या बाहेर, राइस मिलांच्या रांगेपलीकडे असलेल्या एका वृद्धाश्रमात नोकरीला होतो. संस्थेच्या कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण तिथले सगळे मला मिस्त्रीच म्हणायचे. त्याआधी मी एका मिलीत मशीनचे पट्टे जोडायचो. पट्टा तुटला की आधी शिव्या द्यायच्या आणि मग जोडायचा, एवढंच माझं शिक्षण. म्हाताऱ्या माणसांना शिव्या देता येत नाहीत, ही इथली पहिली अडचण. आणि ती तुटत नाहीत, नुसती दिवसभर कुरकुरतात, ही दुसरी.

इमारत म्हणजे धानाचं जुनं गोदाम. गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून संस्था काढली, त्यातल्या एकाने गोदाम दिलं, मग त्याला खिडक्या पाडल्या, मधोमध भिंत घातली आणि एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, अशी सोय झाली. वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचे लाकडी सांगाडे, कैच्यांवर मातीचे कवेलू, खाली सिमेंटची जमीन. इमारत भक्कम होती यात वाद नाही. पण ती धानासाठी बांधलेली होती, आणि धानाच्या पोत्याला ना उकडत, ना उंबरठ्याची ठेच लागत, ना पहाटे चार वाजता संडासला जावं लागत. पोत्याच्या जागी माणूस ठेवला की काय काय बदलावं लागतं, हे मला एकेक करून कळत गेलं.

उंबरठे तासून मी जमिनीला मिळवले. संडासच्या वाटेवर कमरेइतक्या उंचीवर एक सलग बांबू बांधला, खाटेपासून थेट कडीपर्यंत, म्हणजे हात सुटायचं काम नाही. दिव्याची बटणं खाली आणली. हातपंपाच्या दांड्याला पाइपचा तुकडा जोडून तो लांब केला, तेव्हा आमच्यातली सगळ्यात वाळकी म्हातारीसुद्धा बादली भरू लागली आणि दिवसातून दहादा भरू लागली, गरज असो वा नसो. खाटांची निवार दर महिन्याला आवळायची असायची. त्यातही एकेकाची तऱ्हा. कुणाला पाठीला फळी लागल्यासारखी घट्ट खाट हवी, कुणाला झोळीसारखी ढिली. लक्षात राहावं म्हणून मी खाटेच्या पायावर खडूने 'घ' आणि 'ढ' लिहून ठेवलं, तर एक आजी माझ्यावर धावून आली.

"माह्याच खाटेले काहून ढ लिवला गा? मी शाळेत नाई गेली म्हून?"

ही आजी म्हणजे तलावाकाठच्या एका धानाच्या गावातली विधवा. तिला सगळे माय म्हणत, मीही म्हणायचो. कंबर वाकलेली, पण जीभ सरळ. दातांना घासायच्या तंबाखूची, गुडाखूची, डबी कमरेला, आणि माझ्या प्रत्येक कामावर तिचं मत तयार.

उन्हाळ्याचं मात्र माझ्याने काही होत नव्हतं. आमच्याकडचा मे महिना ज्याने भोगला आहे त्याला सांगायला नको. दुपारी कवेलू असे तापायचे की खाली झोपलेल्या माणसाच्या कपाळाला ते कळायचं. एका खोलीत दोन पंखे, आणि लाइट राहिली तर ते फिरणार. म्हातारी माणसं ओला गमछा डोक्यावर टाकून भिंतीला टेकून बसायची, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. शेवटी मी संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांच्या मागे लागलो. साहेब धान्याचे व्यापारी, मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवणारे. दोन महिने मी त्यांच्या गादीसमोर जाऊन बसलो, तेव्हा कुठे त्यांनी एक दाता गाठून हार्डबोर्ड आणवला. एप्रिलमध्ये मी आणि दोन सुतार, आम्ही कैच्यांच्या खाली पट्ट्या ठोकून दोन्ही खोल्यांना सिलिंग लावलं. वर पांढरा चुना. कवेलू आणि सिलिंग यांच्यामध्ये माणूस वाकून जाईल एवढी जागा. उन्हाची धग त्या पोकळीतच अडकायची आणि खाली खोली बऱ्यापैकी थंड राहायची.

"माह्या लग्नाच्या मांडवात बसल्यावानी वाटते," माय म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या कामाची तारीफ निघाली ती तेवढीच. माझे पाय जमिनीवर नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला मी हाताला धरून आत आणायचो आणि छताकडे बोट दाखवून म्हणायचो, "वर पाय."

मे महिना संपता संपता चिखल्याकडून एक म्हातारा आला. आयुष्यभर जमिनीच्या पोटातल्या खाणींमध्ये काम केलेला माणूस. बारीक, पण खांबासारखा ताठ. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. पुतण्याने त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं, पत्र्याची पेटी खाली ठेवली आणि आम्ही पाणी विचारलं तर तेही न घेता तो निघून गेला. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि मग खोलीकडे बघितलं. त्याला आम्ही बाबाजी म्हणू लागलो.

मी त्याला खाट दाखवली. तो बसला नाही. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकली. कान लावला. मग काठीने जमीन ठोकली. मला वाटलं, म्हाताऱ्याला विंचवाची भीती असेल. मग त्याने कोपऱ्यात ठेवलेला जाळे काढायचा बांबू उचलला आणि वर माझ्या सिलिंगवर एक ठोका दिला. ढब. चार पावलं पुढे गेला, पुन्हा ठोका. ढब. खोलीभर फिरून त्याने दहा-बारा ठोके दिले, पांढऱ्या चुन्यावर दहा-बारा काळे ठिपके उमटवले आणि बांबू जागच्या जागी ठेवला.

"बद्द बोलून राहिला," तो म्हणाला. "मी अंदर नाई झोपत जी."

नंतर मला कळलं की खाणीत ही रीतच असते. पाळी सुरू व्हायच्या आधी एक माणूस सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन पुढे जातो आणि डोक्यावरचा दगड ठोकत जातो. ठन्न वाजला तर छत पक्कं. बद्द वाजला तर तो दगड आतून सुटला आहे, त्याच्याखाली उभं राहायचं नाही. बाबाजीने हे काम तीस वर्षं केलं होतं. पण त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मला दिसत होते फक्त ते काळे ठिपके.

"बाबाजी, तो दगड नोहे. फळी हाये. वरत नुसती हवा हाये, हवा!"

"तेच त सांगून राहिलो," तो शांतपणे म्हणाला. "वरत काईच नाई."

त्याने पेटी उचलली आणि व्हरांड्यात जाऊन बसला. मी चरफडत त्याची खाट बाहेर नेऊन टाकली. म्हटलं, दोन दिवस उन्हाची झळ लागली की येईल आत.

तो आत आला नाही. उलट आतले बाहेर गेले. त्याने कुणाला भडकवलं, असंही नाही. तो भांडला नाही, कुणाची मनधरणी केली नाही. फक्त जेवायला बसल्यावर शेजारच्याला एकदा विचारलं, "तुमी कोनाच्या भरोशावर झोपता जी?" शेजारच्याचा घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी दोन खाटा बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. मग बायकांच्या खोलीत बातमी गेली, आणि चौथ्या दिवशी सकाळी मी येऊन बघतो तर सगळ्याच्या सगळ्या खाटा व्हरांड्यात, अंगणात, कडुलिंबाखाली. आत माझं सिलिंग रिकाम्या खोलीला गारवा देत होतं, आणि ज्यांच्यासाठी ते केलं ती माणसं बाहेर ओला गमछा डोक्यावर घेऊन भाजत बसली होती.

माझा पारा चढला. मी मायेला गाठलं, कारण ती हलली की बायका हलतील, हे मला माहीत होतं.

"माय, तू त मांडव म्हनली होती न?"

"म्हनली होती. मांडव पडत नाई का?"

"अवो, हा माणूस फळीले दगड समजून राहिला!"

"तो तीस वर्सं जिमिनीच्या अंदर राहिला न जिता वरत आला," माय म्हणाली. "तू त मिलीत होता."

रविवारी सेक्रेटरी साहेब आले. त्यांच्या सोबत सिलिंगचा दाता होता, हे सांगायला नकोच. दात्याने रिकामी खोली बघितली, अंगणातला खाटांचा बाजार बघितला, आणि साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबाजीकडे बघितलं. बाबाजीने दात्याला नमस्कार केला आणि अत्यंत आदराने सांगितलं, "तुमी बी अंदर नोका जाऊ जी."

दाता गेल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, पंधरा दिवसांत पाऊस येणार. तेव्हा इतक्या खाटा कुठे ठेवणार? तो म्हातारा नियमाने राहत असेल तर ठीक आहे. नहीं तो भतीजे को चिठ्ठी लिखो, ले जाए वापस. आठ दिन."

मला त्या चिठ्ठीची धास्ती बसली. इथे येण्याआधी बाबाजी पुतण्याच्या घरी कुठे झोपायचा, हे त्याने पहिल्याच दिवशी खाट बघताना सहज सांगितलं होतं. बैलांच्या कोठ्यात, कडब्याच्या बाजूला. तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, उलट बैल चांगले होते असंच म्हणाला होता. पण एका सिलिंगपायी मी त्या माणसाला पुन्हा कोठ्यात पाठवणार, आणि ते सिलिंग मी लावलेलं, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. राग तर येतच होता. दोन्ही एकदम चाललं होतं.

आता माझ्या अकलेचे तारे ऐका. मी विचार केला, म्हाताऱ्याला पोकळीचीच भीती आहे ना, मग पोकळी भरून टाकू. आणि भरायला काय पाहिजे? तुमसरात ज्याची कधीच कमी नाही असा माल एकच, धानाचा कोंडा. मिलीच्या मागे त्याचे डोंगर पडलेले असतात. वीटभट्टीवाला नेतो, बर्फवाला नेतो, आणि उरतो तो वाऱ्यावर उडून सगळ्यांच्या डोळ्यांत जातो. मी जुन्या मिलीतून दोन पोती उचलून आणली, सुताराला वर चढवलं, आणि बाबाजीच्या खाटेच्या जागेवर जेवढं सिलिंग येत होतं तेवढ्यावर वीतभर जाडीचा कोंडा पसरवून घेतला. मग सगळ्यांना आत बोलावलं. बाबाजीच्या हातात मीच बांबू दिला.

"ठोका आता."

त्याने ठोकलं. या वेळी ढब वाजलं नाही. थप वाजलं. बाबाजीने डोळे मिटले, पुन्हा ठोकलं, पुन्हा थप.

"पहिले नुसता रिता होता," तो म्हणाला. "आता भरून आला. आता हा कवाबी खाली येते."

सगळे मागच्या पावली बाहेर. मी एकटाच आत उभा. आणि तेवढ्याने भागलं नाही. फळ्यांच्या सांध्यातून कोंडा हळूहळू झरायला लागला, पंखा सुरू होता, आणि पंख्याने तो सगळीकडे पोचवला. त्या दुपारी आमच्या जेवणाचा भात आतल्याच खोलीत झाकायचा राहिला होता. पंगत बसली, पहिला घास गेला, आणि सगळ्यांची तोंडं थांबली.

"अख्खा तुमसर धानातून कोंडा काढून राहिला," माय म्हणाली, "न आमचा मिस्त्री भातात घालून राहिला."

म्हातारी माणसं इतकी हसली की एकाला ठसका लागून पाणी पाजावं लागलं. बाबाजीसुद्धा हसला. मी नाही हसलो. मला ते हसू यायला तीन-चार वर्षं लागली.

कोंडा काढायचा तर फळ्या उतरवणं भाग होतं. दुसऱ्या सकाळी मी शिडी लावली आणि चार फळ्या खाली घेतल्या. कोंड्याबरोबर खाली आला उंदरांचा संसार. महिना-दीड महिन्यात त्या लेकांनी वर दुकान मांडलं होतं. साबणाचे तुकडे, सुपाऱ्या, एक गुंडी, चिंध्या, आणि मायेची हरवलेली गुडाखूची डबी. या डबीवरून मायेने शेजारच्या खाटेवरच्या आजीशी वीस दिवस अबोला धरला होता. आता तिने डबी पदराने पुसली, त्या आजीसमोर उघडून धरली, आणि म्हणाली, "घे." माफी म्हणून तिच्याकडून यापेक्षा जास्त काही मिळणार नव्हतं, हे त्या आजीलाही माहीत असावं, कारण तिने चिमूटभर घेतली.

उंदरांनी माझं एक काम केलं. डब्या-साबण शोधायला सगळे आत गोळा झाले, आणि फळ्या काढलेल्या जागेतून सगळ्यांनी वर बघितलं. जुन्याच कैच्या, जुनेच कवेलू. मी एक फळी उचलून मायेच्या हातात दिली. तिने ती एका हाताने तोलली.

"ही पडली त का होते? टेंगूय बी नाई येत," ती म्हणाली, आणि आपली खाट आत न्यायला निघाली. तिच्यामागे बायका, मग पुरुष. खरं सांगायचं तर उन्हाने सगळे बेजार झाले होते, त्यांना फक्त आत यायला कारण हवं होतं. संध्याकाळपर्यंत मी फळ्या परत ठोकल्या आणि खोल्या भरल्या.

व्हरांड्यात एकच खाट उरली.

"बाबाजी, तुमी बी पायला न? फळी हलकी हाये."

"हाये. मले दिसला."

"मंग कायले बाहेर?"

"फळी हलकी हाये, पन तिच्या वरचा मले आयकू येत नाई," तो म्हणाला. "असली छत वरत हाये. मी फळीलेच ठोकून राहिलो. छतचा का हाल हाये, कोन सांगन?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणालो, कवेलू आणि कैच्या मी दर उन्हाळ्यात स्वतः तपासतो. म्हणालो, रोज उठून बद्द, रोज उठून बद्द, दुसरं काही येते का तुम्हाला? आठ दिवसांतले सहा गेले होते. ढग यायला लागले होते. मी सरळ सांगून टाकलं की आत आला नाहीत तर पुतण्याला चिठ्ठी जाईल.

"पाठव," बाबाजी म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी तिथेच त्याच्या खाटेच्या कडेवर बसलो. आतून कुणीतरी चहा आणून दिला. चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता, तो बोलायला लागला.

तरुणपणी तो दुसऱ्याच एका लहानशा खाणीत होता, जी पुढे बंद पडली. गावचाच एक जोडीदार होता, दोघं एकाच भाकरीच्या फडक्यातून खायचे. छत ठोकायचं काम तेव्हा नवं नवं बाबाजीकडे आलं होतं. एका सकाळी दगड बद्द वाजला. त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादमाला कामाची घाई होती.

"मुकादम हासला. म्हने, हा पोरगा रोजच बद्द म्हंते. मंग सारे हासले. जोडीदार बी हासला." बाबाजीने बशी खाली ठेवली. "मी एक डाव सांगतलो, बापू. दुसऱ्या डाव नाई सांगतलो. मले लाज वाटली. मी चूप राहिलो न तो अंदर गेला."

मी माझा कप त्याच्या बशीशेजारी ठेवला.

"तुह्या फळीत काई नाई, मले मालूम हाये," तो म्हणाला. "मी बुढा झालो, पागल नाई झालो. पन जे मले आयकू येत नाई त्याच्या खाली मी चूपचाप पडून नाई राहू शकत. थ्या दिवसापासून नाईच झोपलो तसा."

मला माझी लाज वाटली. रोज उठून बद्द, असं मीही दहा मिनिटांपूर्वीच म्हणालो होतो, जवळजवळ त्याच शब्दांत. मुकादमाचं मी कधी तोंड पाहिलं नव्हतं, पण त्याची जागा मी बरोबर भरून काढली होती. आणि माझं म्हणणं खरं होतं, छत पक्कं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण खरं असून उपयोग काय? ज्याच्यासाठी छत असतं त्याला त्याच्याखाली झोप लागली तर ते छत. एवढी साधी गोष्ट मला पट्टे जोडताना कुणी शिकवली नव्हती.

सकाळी मी शिडी लावली आणि कालच ठोकलेल्या त्या चार फळ्या पुन्हा काढल्या. या वेळी कायमच्या. कडा तासून गुळगुळीत केल्या, पट्टी मारली, चुना दिला. माझ्या सुरेख पांढऱ्या सिलिंगला खाटेएवढं भोक. हात जड झाले होते, खोटं कशाला बोलू. खाली उतरून मी बांबू बाबाजीला दिला. त्याने तो भोकातून वर घातला आणि कैचीच्या लाकडावर ठोका दिला. ठन्न. दुसऱ्या कैचीवर. ठन्न. मग बांबूच्या टोकाने एकेका कवेलूला नुसता स्पर्श करत गेला, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तसा.

"पक्का हाये," तो म्हणाला, आणि स्वतः जाऊन आपली पेटी आत घेऊन आला.

त्या दुपारी तो झोपला. मिलीचा भोंगा झाला, जेवणाची भांडी वाजली, माय नि शेजारच्या आजीचं पुन्हा भांडण झालं, तरी तो उठला नाही. भोकातून कवेलूंची धग थेट त्याच्या अंगावर येत होती. मी त्याच्या खिडकीला ओला बारदाना बांधला आणि उशाशी माठ ठेवला. सगळ्या खोलीत सगळ्यात जास्त उकडत होतं ते त्याला, आणि सगळ्यात गाढ झोपला होता तोच.

आठवा दिवस उजाडला तसे साहेब आले. खाटा आत बघून खूश झाले, आणि मग त्यांची नजर वर गेली.

"मिस्त्री, ये क्या है?"

"गरम हवेला वाट ठेवली आहे साहेब," मी म्हणालो. "गरम हवा वर चढते. तिला जागा नको?"

साहेब वर बघत राहिले, मग मान हलवली. पुढच्या रविवारी तेच दात्याला सांगत होते, आमच्या मिस्त्रीने हवेसाठी खास वाट काढली आहे म्हणून. दाता इतका खूश झाला की त्याने आणखी एक पंखा दिला. मग माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बायकांच्या खोलीला भोक का नाही, हा तिचा सवाल. मी तिथेही भोक पाडून दिलं. गंमत म्हणजे हवा त्याने खरंच जरा खेळू लागली, पण हे मी साहेबांना कळू दिलं नाही, कारण त्यांच्या मते ते मला आधीच माहीत होतं.

त्यानंतर बाबाजी चार वर्षं आमच्याकडे होता. रोज सकाळी बांबू घेऊन दोन्ही खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर ठोकत फिरायचा आणि मला येऊन सांगायचा. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणसं लावली की तो खाली उभा राहून त्यांना कामाला जुंपायचा. कधी त्याचं बरोबर निघायचं. एकदा खिडकीवरचा गिलावा सुटल्याचं त्याच्यामुळे आधी कळलं आणि तो पडण्याआधी मी उतरवला. बऱ्याच वेळा मात्र काहीच नसायचं. मी जायचो, बघायचो, परत यायचो. माझा स्वभाव काही बदलला नव्हता. शिडीवर चढताना मी पुटपुटायचो आणि ते त्याला ऐकू जायचं.

एकदा श्रावणात झड लागली होती. मी ताटावर बसलो होतो, पहिलाच घास घेतला होता, तेवढ्यात बाबाजी दारात आला. अंगावर पोतं पांघरलेलं.

"मिस्त्री, न्हाणीच्या वरचा आवाज बदलला."

कालच मी न्हाणीचं छप्पर बघितलं होतं. हे अगदी ओठांवर आलं होतं. मी हात धुतला, शिडी घेतली, पावसात वर चढलो. एकेक कवेलू हाताने चाचपला, वासे हलवून बघितले. अंगावरून पाणी वाहत होतं. बाबाजी खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. कुठे काही नव्हतं.

खाली उतरलो तेव्हा मी चांगलाच वैतागलो होतो. "काईच नाई बाबाजी. सारा ठीक हाये."

"नसन," बाबाजी म्हणाला, आणि पोत्याच्या टोकाने माझा चेहरा पुसू लागला. "नसन काई. पन तू चढला न, बापू."